पडद्यावर काय दिसलं, ते सांग

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

नूतनवरचा तुझा लेख आणि सोबतचं पत्र, दोन्ही वाचलं. लेख दोनदा, पत्र चारदा. 'चाहतीनं समीक्षा लिहू नये' असं कुणीतरी तुला सुनावलं आणि ते तू इतकं मनाला लावून घेतलंस की आता नूतन सोडू की लिहिणं सोडू, असं विचारतेस. दोन्हीपैकी काही सोडायचं नाही. यावर जास्त शाई घालवत नाही. उत्तर तुलाही ठाऊक आहे, नाहीतर बारा पानं लिहिली नसतीस.

माझं भांडण त्या बारा पानांशी आहे. नूतन 'डोळ्यांनी बोलते' हे त्यात सात वेळा आलंय. मी मोजलं. कुठल्या चित्रपटात, कुठल्या दृश्यात, कुणाकडे बघताना, काय बोलते, हे एकदाही आलेलं नाही. आई शोभना समर्थ, वडील कुमारसेन समर्थ, सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीची पाच फिल्मफेअर पारितोषिकं, सगळं आहे आणि सगळं बरोबर आहे. पण हे सगळं 'बंदिनी' न बघताही लिहिता येतं. जे न बघता लिहिता येतं, ते लिहायला तू कशाला हवीस?

पडद्यावर काय दिसलं, ते सांग. माझं म्हणणं एवढंच आहे आणि या पत्रात ते मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

'बंदिनी'तलं (१९६३) खुनाचं दृश्य घे. कल्याणी (नूतन) रुग्णालयात काम करते. जिची सेवा करायची ती चिडखोर बाई, कल्याणीला सोडून गेलेल्या विकासची बायको आहे, हे तिला कळलेलं आहे. वडील गेल्याचंही कळलेलं आहे. ती चहा करायला जाते. याच चहात पुढे विष पडतं. बाहेर लोखंडाचं काम चालू आहे. वेल्डिंगचा झोत थांबून थांबून तिच्या तोंडावर येतो, घणाचे घाव ऐकू येतात, जवळ स्टोव्ह आहे. बोलणं जवळपास नाहीच. आता सांग, नूतन चेहऱ्यानं काय करते? तू लिहिलंयस, 'तिच्या चेहऱ्यावर संताप, वेदना आणि सूड यांचं वादळ उसळतं.' पुन्हा बघ. चेहरा तिनं जवळजवळ स्थिर ठेवलाय. हलतो तो उजेड. आदळतो तो आवाज. वादळाचं काम बिमल रॉय आणि छायालेखक कमल बोस यांनी बाहेरून केलंय आणि नूतननं त्यांना जागा मोकळी करून दिलीय. तिथं तिनं भुवया आक्रसल्या असत्या, ओठ थरथरवले असते, तर प्रकाश, आवाज आणि अभिनय एकाच वेळी एकच गोष्ट ओरडून सांगत बसले असते. काय करायचं नाही हे तिला कळलं होतं, म्हणून ते दृश्य आजही अंगावर येतं. हे लिही. हे लिहिलंस की 'चाहती' म्हणून तुला कोण हिणवतो ते बघू.

आता कसं बघायचं ते सांगते. हे कुठल्याही अभ्यासक्रमाच्या आधी करता येतं आणि अभ्यासक्रमानंतरही करावंच लागतं.

पहिल्यांदा चित्रपट सबंध बघायचा, वहीपेन लांब ठेवून. रडू आलं तर रडायचं. ज्यानं पहिल्या खेपेला वही काढली त्याच्या हाताला चित्रपट लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या खेपेला सबंध चित्रपट नको, दहा मिनिटांचा एकच तुकडा घे. आवाज पूर्ण बंद कर. वहीत पाच रकाने आख: वेळ, चौकटीत कोण आहे, कॅमेरा किती लांब आहे, आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं, हात काय करताहेत. दर कटला, म्हणजे एक चित्र तुटून दुसरं आलं की, एक ओळ. दहा मिनिटांच्या तुकड्याला तास-दीड तास लागतो. पंधरा मिनिटांत आटोपलं तर तू बघितलेलं नाहीस, परत बस. तिसऱ्या खेपेला उलटं करायचं. पडदा झाकायचा, फक्त ऐकायचं. संवाद सोडून बाकीचं लिही: पावलं, दार, आगगाडीची शिट्टी, पार्श्वसंगीत कुठे सुरू झालं आणि, त्याहून महत्त्वाचं, कुठे थांबलं. चौथ्या खेपेला चित्र आणि आवाज एकत्र. तेव्हा जे नव्यानं दिसेल तो तुझा लेख.

'हात काय करताहेत' हा रकाना गाळू नकोस. नवशिके तोच गाळतात. चेहरा सगळ्यांनाच दिसतो, नटाला स्वतःलाही त्याचं भान असतं. हातांचं भान फार थोड्यांना असतं आणि नट कुठल्या पायरीचा आहे ते तिथे कळतं. 'सुजाता'तलं (१९५९) टेलिफोनवरचं गाणं बघ. सुनील दत्त पलीकडून गातो, आवाज तलत महमूदचा, आणि नूतन ते सबंध गाणं फक्त ऐकते. तिला एक ओळ नाही, एक शब्द नाही. ऐकण्याचा अभिनय हिंदी चित्रपटात इतका वेळ कुणाला करू दिलाय? रिसीव्हर तिनं कुठल्या हातात धरलाय? दुसरा हात कुठे आहे? तो कधी वर येतो? ती कॅमेऱ्याकडे पाठ करते का, आणि केली तर कुठल्या ओळीवर? याची उत्तरं मी इथे देत नाही. ती तू मला पाठवायची आहेस.

किश्शांचं काय, असं तू विचारशील. तुझ्या लेखाचा निम्मा भाग किस्सेच आहेत. मी किश्शांच्या विरोधात नाही. पण किस्सा पडद्यावर दिसतो का, हे आधी विचार. दिसत असेल तर ठेव, नाहीतर काढ. 'कोहिनूर'साठी (१९६०) दिलीपकुमार सतार शिकले, हा किस्सा दिसतो. 'मधुबन में राधिका' लाव, तारांवरची बोटं बघ. दिग्दर्शकाला बोटं लपवावी लागत नाहीत, कॅमेरा हातांवर आणि चेहऱ्यावर बिनधास्त जाऊ शकतो. म्हणजे त्या मेहनतीनं चित्रीकरणाची पद्धतच बदलली. 'दो बीघा जमीन'साठी (१९५३) बलराज साहनींनी कोलकात्यात हातरिक्षा ओढली, हेही दिसतं. जादा पैशांच्या आशेनं रिक्षा धावत सुटते त्या दृश्यात त्यांचे पाय बघ, खांदे कसे पुढे झुकतात ते बघ. ओझं ओढणारा माणूस छातीनं धावत नाही, कंबरेतून धावतो. हे घरी आरशापुढे सरावानं येत नाही.

याच्या उलट 'दो आँखें बारह हाथ'चा (१९५७) किस्सा घे. बैलाबरोबरच्या दृश्यात व्ही. शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली. खरं आहे. त्यावर प्रत्येकानं लिहिलंय, तूही एका परिच्छेदात लिहिलंयस. आता मला सांग, त्या परिच्छेदानं चित्रपटातलं एक तरी दृश्य अधिक कळलं का? त्याऐवजी हे लिही की औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे कैद्यांना भिंतींशिवाय ठेवण्याचा खरा प्रयोग झाला होता, गदिमांनी त्यावरून कथा रचली, आणि म्हणून चित्रपटात कुंपण कुठे दिसतं आणि कुठे दिसत नाही हे बघण्यासारखं आहे. शांतारामांच्या जेलरकडे ना बेडी ना बंदूक, कैद्यांना धरून ठेवायला फक्त त्याची नजर आहे. मग ती नजर चित्रपटात किती वेळा, किती जवळून आणि कुणाला दिसते? समोर जेलर नसतानाही कैद्याला ते डोळे दिसतात, ते कुठे? मोजायची गोष्ट ही आहे. शीर्षकातच सांगितलंय, तरी मोजत कुणी नाही.

'कागज के फूल'मधला (१९५९) प्रकाशाचा झोत हा मात्र सोन्यासारखा किस्सा, कारण तो पडद्यावर डोळे दिपवतो. रिकामा स्टुडिओ, वरून तिरका उतरणारा उजेडाचा पट्टा, दोन टोकांना गुरुदत्त आणि वहीदा रहमान, आणि गीता दत्तचा आवाज. छायालेखक व्ही. के. मूर्तींनी तो उजेड दिव्यांनी केलेला नाही. बाहेरचं ऊन मोठ्या आरशांवरून वळवून आत आणलं. ऊन सरकतं, म्हणजे असं चित्रण करायला वेळ मोजकाच मिळतो. शिवाय हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. पडदा उंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक रुंद. दोन माणसांतलं अंतर हाच त्या गाण्याचा विषय आहे आणि रुंद पडद्याशिवाय ते अंतर दाखवताच आलं नसतं.

इथे एक धोका सांगते, यात भलेभले फसतात. हाच चित्रपट कडा कापलेल्या प्रतीत बघितलास तर दोघांपैकी एकजण चौकटीबाहेर जातो आणि अंतरही जातं. मग तू 'गुरुदत्तनं तिला एकटीला दाखवलंय' असं लिहून मोकळी होशील. तेव्हा लेखाच्या आधी तुझ्यापुरतं लिहून ठेव: कुठली प्रत बघितली, किती मिनिटांची, चित्र रुंद होतं की चौकोनी. 'मुगल-ए-आझम' (१९६०) बराचसा कृष्णधवल, थोडा भाग रंगीत. २००४ साली तो सबंध रंगवून परत आला. 'नया दौर' २००७ मध्ये रंगला, 'हम दोनों' २०११ मध्ये रंगीत आणि रुंद होऊन आला. रंगवलेल्या प्रतीतल्या ओढणीचा रंग दुसऱ्याच कुणीतरी, चाळीस-पन्नास वर्षांनी ठरवलेला आहे. त्यावरून मधुबालाच्या 'रंगसंगती'वर लिहिलंस तर तो लेख मी फाडून टाकीन. 'शोले'चे तर दोन शेवट आहेत. एकात पोलीस येऊन ठाकूरला थांबवतात, दुसऱ्यात ठाकूर गब्बरला संपवतो. तू कुठला बघितलास त्यावर ठाकूर कोण होता हेच बदलतं.

लांबीचा हिशेब शिकून घे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी (म्हणजे एकेक स्थिर चित्र), सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट, मीटरमध्ये साधारण २७.४. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर ५००० मीटर लिहिलं असेल तर चित्रपट १८२ मिनिटांचा. हातातली प्रत १५५ मिनिटांची निघाली, तर अर्ध्या तासाला कात्री लागलीय, बहुतेक गाण्यांना आणि विनोदी भागाला. पण १७५ मिनिटांची निघाली तर लगेच बोंब मारू नकोस. आपल्याकडचा जुना टीव्ही सेकंदाला २५ चौकटींनी चालायचा. २४ चौकटींचा चित्रपट त्या वेगानं सोडला की तासामागे सव्वादोन-अडीच मिनिटं वाचतात आणि सगळे आवाज किंचित वर चढतात. मुकेशचा स्वर तुला नेहमीपेक्षा पातळ वाटला तर आधी प्रतीवर संशय घे, गायकावर नको. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जमेल तेव्हा जा. तिथे गाण्यांच्या छापील पुस्तिका, जुनी पोस्टरं, कागदपत्रं बघायला मिळतात. पुस्तिकेत असलेलं गाणं तुझ्या प्रतीत नसेल तर कुठे शोधायचं, हे कळतं.

श्रेयनामावली पुढे ढकलायची नाही. तारे पडद्यावर येतात ते कुणाच्या तरी हातून येतात. 'शोले'ला त्या वर्षी फिल्मफेअर मिळालं ते एकच, संकलनाचं, एम. एस. शिंद्यांना. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचं दृश्य आठव. झोपाळ्याची करकर, पोरापुढे उभा गब्बर, गोळीचा आवाज आणि थेट आगगाडी. मूल मरताना आपण बघत नाही, तरी प्रत्येकजण बघितल्याची शपथ घेतो. ही कमाई अमजद खानची, दिग्दर्शक रमेश सिप्पींची आणि शिंद्यांच्या कात्रीची, तिघांची मिळून. त्याच चित्रपटात संध्याकाळी जया भादुरी एकेक दिवा मालवत जाते आणि खाली अमिताभ माउथऑर्गन वाजवतो. छायालेखक द्वारका दिवेचांना तो उजेड दिवसातून काही मिनिटंच मिळायचा, म्हणून ते चित्रण कितीतरी संध्याकाळी तुकड्यातुकड्यानं चाललं. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अमिताभ बच्चन हे नाव घेतलं की तुम्ही सगळे भारदस्त आवाजाकडे धावता. त्या आवाजाशिवाय तो काय करतो, हे लिहिलंयस कधी?

तसंच 'दीवार'मधल्या (१९७५) पुलाखालच्या दृश्याचं. शशी कपूरच्या चार शब्दांवर सगळे टाळ्या वाजवतात. आधी विजय (अमिताभ) आपली मालमत्ता मोजतो, आवाज चढवत. मग त्याचा भाऊ रवी (शशी कपूर) आवाज खाली आणून, हलकेच उत्तर देतो. विजयनं आवाज तितका चढवलाच नसता, तर त्या हलक्या आवाजाला वजन कुठून आलं असतं? समोरच्याला जिंकायला जागा करून देणं हेही ताऱ्याचं काम आहे. त्या वाक्यानंतर कॅमेरा कुणाच्या चेहऱ्यावर जातो, ते बघ आणि कळव.

आता 'प्रेरणादायी' या तुझ्या लाडक्या शब्दाकडे येते. तुझ्या पत्रात तो 'आनंद'ला लावलायस, 'स्वदेस'ला, 'लगान'ला. शब्द वाईट नाही. पण प्रेरणा कुठून येते असं विचारलं की तू संवाद पाठ म्हणून दाखवतेस. संवादातून आलेली प्रेरणा चित्रगृहाच्या दारापर्यंत टिकते. आयुष्यभर जी टिकते ती मांडणीतून आलेली असते.

'आनंद'मध्ये (१९७१) सुरुवातीलाच आनंदचा डॉक्टर मित्र भास्कर (अमिताभ) याच्या पुस्तकाचा सत्कार आहे. आनंद गेलेला आहे, हे आपल्याला आधी सांगितलंय. हृषीकेश मुखर्जींनी उत्सुकता स्वतःच्या हातानं मारून टाकली. का? मरणार की वाचणार, हा प्रश्न एकदा संपला की प्रेक्षकाला फक्त माणूस बघावा लागतो. राजेश खन्ना हसत येतो तेव्हा तो हसण्याची किंमत मोजतोय हे आपल्याला ठाऊक असतं आणि पडद्यावरच्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ही तफावत म्हणजे तो चित्रपट. मग रमेश देव-सीमा देव यांच्या घरातला जिव्हाळा, ललिता पवारांची दटावणारी मेट्रन, जॉनी वॉकर, हे सगळे त्या तफावतीच्या या बाजूला की त्या बाजूला, ते प्रत्येक दृश्यात मांडून बघ. कोण कधी 'जाणणारा' होतो, त्याची तारीखवार यादी केलीस तर पटकथा तुला पाठ होईल. आणि टेपरेकॉर्डर. तो शेवटी अचानक उपटत नाही. आधीच्या एका हसऱ्या दृश्यात पेरून ठेवलेला आहे, भास्करची कविता त्यावर नोंदवलेली आहे, पुढे आनंदचा आवाजही. शेवटी भास्कर त्याला 'बोल माझ्याशी' म्हणून हलवतो आणि उत्तर देते ती टेप. तो भाग एकदा पडदा झाकून ऐक. माणूस गेलाय आणि खोलीत आवाज आहे, हे कानांनाच नीट कळतं.

'स्वदेस'चं (२००४) पाणी तर तुझ्या नजरेतून सुटलंच. मोहन भार्गव पावसाचं मोजमाप करणाऱ्या उपग्रहाच्या प्रकल्पावर काम करतो. आकाशातलं पाणी मोजणारा माणूस गावात येतो तो बाटलीबंद पाण्याचा साठा घेऊन. पुढे हरिदास या गरीब शेतकऱ्याच्या घरून परतताना स्टेशनवर एक पोरगा खिडकीखालून पंचवीस पैशाला पाणी विकतो आणि मोहन ते मातीच्या कुल्हडातलं पाणी पितो. भाषण नाही, निर्धार नाही. दिग्दर्शक गोवारीकर त्याच्या तोंडी एक वाक्यही घालत नाहीत. शाहरुख खान, ज्याचे पसरलेले हात सगळ्या जगाला ठाऊक, तो इथे हात आवरून फक्त एक भांडं धरतो. महेश अणे यांना या छायालेखनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वाईजवळच्या मेणवलीचा घाट तू प्रत्यक्ष पाहिला असशील. त्यांनी तो कुठल्या वेळेच्या उजेडात चित्रित केलाय, तेही बघ. पण आधी पाणी. चित्रपटात पाणी कुठे कुठे येतं, कुणाच्या हातात, बाटलीत की भांड्यात, की गावातल्या विजेसाठी वाहणारं, याची यादी कर. ती यादी पूर्ण झाली की 'प्रेरणादायी' हा शब्द लिहायची गरज उरत नाही.

'लगान'बद्दल (२००१) थोडक्यात. सामना लांबला अशी तक्रार तू केलीयस. सामन्यातल्या प्रत्येक खेळाडूचा एकच प्रसंग कुठे येतो ते टिपून ठेव आणि त्याची गावातली ओळख चित्रपटात आधी कधी झाली ते समोर लिही. जोड्या जुळल्या की तक्रार मागे घेशील. आणि एक लक्षात ठेव, तिथले आवाज चित्रीकरणाच्या वेळीच नोंदवलेले आहेत. त्याआधीच्या काही दशकांत आपल्याकडे बहुतेक संवाद नंतर डबिंगच्या खोलीत म्हटले जायचे. एकच प्रसंग नट दोनदा करायचा, एकदा अंगानं आणि काही महिन्यांनी आवाजानं. तेव्हा 'त्या क्षणी त्याचा आवाज दाटून आला' असं लिहिण्याआधी तो 'क्षण' नेमका कुठला, याचा विचार कर.

तुला मी कठोर वाटत असेन. वाटू दे. मीसुद्धा वर्षानुवर्षं किस्सेच लिहिले. ते पटकन छापले जात, लोक कौतुक करत आणि त्या कौतुकानं मला बघायची गरजच वाटेनाशी झाली. आज ते लेख उघडवत नाहीत. त्यांत माणसं आहेत, चित्रपट नाहीत. मोठ्या पडद्यावर, पहिल्या प्रतीवरून जे बघितलं ते तेव्हा वहीत उतरवलं असतं तर आज तुला देता आलं असतं. ती चित्रगृहं पाडली गेली, त्या प्रती झिजल्या आणि नुसत्या आठवणीवर विसंबून लिहायला मी आता तयार नाही. आठवण संवाद बदलते, कट गाळते, एका चित्रपटातली साडी दुसऱ्या चित्रपटातल्या नायिकेला नेसवते. म्हणून मी हट्ट धरते. 'तुम्ही कट मोजत बसता, चित्रपटाचा आनंद मारता' हे मला फार जणांनी ऐकवलंय. खुनाच्या दृश्यातली नूतन तिसऱ्यांदा, आवाज बंद करून बघितली तेव्हा मला ती पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आवडली. हा आनंद मारणं असेल तर तो मी रोज मारीन. मोजल्यामुळे प्रेम कमी झालेला एकही चित्रपट मला माहीत नाही. न मोजल्यामुळे खोटं ठरलेलं कौतुक मात्र ढिगानं माहीत आहे, त्यातलं बरंचसं माझंच.

आणि त्या सुनावणाऱ्या माणसाबद्दल. चाहत्यापाशी असं काही असतं जे त्याच्यापाशी नाही. चाहता एकच चित्रपट वीस वेळा बघायला तयार असतो. एवढी चिकाटी पैसे देऊन कुणाकडून मिळत नाही. ती तू गप्पांत आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांत उधळू नकोस. 'अजरामर', 'अप्रतिम', 'काळजाला भिडणारा' हे शब्द सहा महिने वापरू नकोस. त्यांच्या जागी दर वेळी एक हात, एक दिवा, एक कट, एक आवाज लिही. पडद्यावर काय दिसलं, ते सांग.

बारा पानं ठेवून दे, फेकू नकोस. नवा लेखही एवढ्यात पाठवू नकोस. 'सुजाता'तलं ते टेलिफोनचं गाणं घे, आवाज बंद करून दोनदा बघ, पाच रकाने भर, वेळ मिनिटं-सेकंदांत घाल आणि तो एकच कागद मला पाठव. प्रत कुठली ते वर कोपऱ्यात लिही. 'बंदिनी'चा शेवट, एका बाजूला आगगाडी आणि दुसऱ्या बाजूला बोट, तो आपण त्यानंतर घेऊ. त्यासाठी तुला सचिनदांच्या (सचिनदेव बर्मन) गाण्यातल्या शिट्ट्या आणि भोंगे वेगळे लिहून काढावे लागतील, तेव्हा बरे इयरफोन मिळव.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी